सही न येणाऱ्यांची साक्ष

शेदीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर एमॉस टिलरी नावाचा वकील राहत होता. तो नव्या राज्याच्या विधानसभेतही निवडून आला होता. तिथला बडा कुरणमालक प्रुइट हाही आमदार. त्याने हॅना नावाच्या विधवेची जमीन बळकावली होती. तिच्या बाजूने बोलणारे शेजारी निरक्षर होते. म्हणून प्रुइटने विधेयकच आणलं: ज्याला सही येत नाही त्याची साक्ष, मग ती जुन्या कागदावरची का असेना, कोर्टाने मानू नये.

हॅनाचा खटला लढवणारा टिलरी हटला नाही. चार दिवस घोडा दामटत तो जिल्हा कचेरीत जाऊन आला आणि मतदानाला सभागृहात हजर झाला.

"अडाण्यांच्या शब्दाला किंमत ती काय?" प्रुइट गरजला.

टिलरीने एक नक्कल उलगडली. "साहेब, हे तुमच्याच कुरणाचं खरेदीखत. तिन्ही साक्षीदारांनी सहीऐवजी फुल्या मारल्यात. कायदा आज मंजूर करू. पण उद्यापासून गुरं कुठे चारणार, तेवढं सांगा."

सभागृहात हशा पिकला. प्रुइटने विधेयक मागे घेतलं. महिन्याभरात शेजाऱ्यांनी साक्ष दिली आणि हॅना आपल्या जमिनीवर परतली.