अक्षराच्या पायाशी दोन अंक

कोणत्या राजाच्या काळात ते विचारू नका, पण फार जुनी गोष्ट आहे. एका कोरड्या राज्यात तीन तळी होती आणि तीन गावे.

कोणत्या तळ्याचे किती पाणी कोणत्या गावाला सोडले म्हणजे सगळ्यांना पुरेल आणि कमीत कमी वाया जाईल, याचे गणित राजगणितीने मांडून त्याची पोथी केली होती. पोथीत पाण्यासाठी ‘प’ हे अक्षर होते. अक्षराच्या पायाशी दोन बारीक अंक असत. पहिला तळ्याचा, दुसरा गावाचा. पाणी सोडणारे पाटकरी ते पाहूनच पाटांची दारे उघडत.

पोथी दरवर्षी नव्याने मांडली जाई आणि तिच्या प्रती कमळाई उतरवत असे. एका वर्षी एका पानावर तिचा बोरू थांबला. तिसऱ्या तळ्यातून पहिल्या गावाला पाणी द्यायचे, तिथे गणितीच्या मूळ पोथीतच ‘तीन-एक’ऐवजी ‘एक-तीन’ पडले होते.

ती गणितीकडे गेली. “बुवा, इथे अंक उलटे झालेत. दुरुस्त करू?”

“तुझं काम उतरवायचं, तपासायचं नाही. तिळाएवढ्या अंकांसाठी माझ्या पोथीला नावं ठेवतेस?”

“अहो, त्या अंकांवर एक अख्खं गाव पिकतं!”

“चालती हो!”

त्याने ते पान दुसऱ्याकडून जसेच्या तसे लिहवून घेतले. प्रती वाटल्या गेल्या.

पहिल्या गावचा भात उभ्याउभ्या करपला. तिसऱ्या गावात नको तितके पाणी शिरले आणि हळद कुजली. एका म्हातारीने करपलेल्या लोंब्या भर दरबारात आणून टाकल्या.

गणितीने लगेच दरबारात आलेल्या एका पाटकऱ्याकडे बोट दाखवले. “दोष त्या पाटकऱ्याचा. अडाण्याला वाचता येत नाही.”

शिपाई पाटकऱ्याला बांधू लागले. कमळाईला राहवेना.

“थांबा महाराज! पोथीत होतं तेच त्यानं केलं. उलटं लिहिलं यांनी. मी सांगितलं तरी तसंच ठेवलं यांनी. आणि दोरखंड या गरिबाला? लाज कशी वाटत नाही!”

तिने पोथीचे ते पान उघडून समोर धरले. राजाने अंक पाहिले. गणितीची मान खाली गेली.

“चुकलात, ते मी माफ केलं असतं,” राजा म्हणाला. “पण कळूनही चूक ठेवलीत, आणि वर दुसऱ्याच्या माथी मारलीत!”

गणितीचे पद गेले. प्रत्येक दारापाशी पायी जाऊन, पाटकऱ्यांसमोर, त्याला स्वतःच्या हाताने प्रती दुरुस्त कराव्या लागल्या. करपलेला भात मात्र पुन्हा हिरवा झाला नाही.

बोध: चूक कितीही बारीक असो, कळल्यावरही जो ती झाकतो, तो तिच्या साऱ्या नुकसानीचा धनी होतो.