ओला ओटा

"मग चोळू नको, तर करू काय बाबा?"

गुरुवारची सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटं. प्रणितानं हे विचारलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

बाबा म्हणजे बन्नूबाबा. गावाबाहेर माळावर कडुनिंबाखाली तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं आहे, तिथले म्हातारे फकीर. अंगारा देतात, दुवा करतात, बोलतात मात्र मोजकं; आताही पोराकडे एकदा बघून 'चोळू नको' एवढंच म्हणाले होते. त्या वेळी ते घमेल्यात शेण आणि पांढरी माती कालवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रणिताच्या कडेवर तिचा आठ महिन्यांचा आरुष होता. गाल लालभडक, कोपराच्या घडीत कातडी सोलवटलेली, कानामागं चिरा पडून पाणी सुटलेलं. सारखा तोंड खांद्यावर घासायचा आणि कळवळून रडायचा.

आपण काही आळशी आई नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. अंगावर खरबरीत पुरळ दिसल्या दिवसापासून ती दोन वेळा अंघोळ घालत होती, तीही चांगल्या कढत पाण्यानं. आधी डाळीचं पीठ लावून चोळायचं, मग लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवायचा, वर साबण. कुणी सांगितलं म्हणून कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी केलं, कुणी सांगितलं म्हणून दही लावलं. शेजारणीची क्रीमही लावून झाली. जाऊबाई म्हणाल्या, अगं भांडं घासावं तसं पोराला घासतेस. तर हिनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. आमच्या घरात एवढं स्वच्छ लेकरू दुसरं नाही, असं ती बाबांना म्हणाली.

"डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"दाखवलं ना. त्यांनी एक साधं मलम दिलं. म्हणाले, कोमट पाण्यानं झटपट अंघोळ घाला, साबण-पीठ काही नको. अंग चोळू नका, नुसतं टिपा, आणि ओलसर असतानाच मलम लावा. सुती कपडे घाला. बाकी सगळं बंद."

"मग?"

"दोन दिवस लावलं. फरक दिसेना... म्हणून तुमच्याकडे आले. अंगारा द्या, त्याच्या अंगाला चोळते."

बाबा हसले नाहीत. घमेलं उचलून तकियापुढच्या मातीच्या ओट्याकडे गेले.

ओट्याची दशा वाईट होती. उरूस झाल्यावर लोकांनी भक्तिभावानं बादल्या ओतून तो धुतला होता, खराट्यानं खसाखसा घासला होता. वरचं सारवण पार निघून गेलं होतं. आतली माती भेगाळली होती आणि भेगांतून मुंग्यांची रांग लागली होती.

"एवढा धुतला, तरी असा?" प्रणिता म्हणाली.

बाबा नुसते हं म्हणाले, आणि तळहातानं सारवायला लागले. हात हलका, झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर सरकवावी तसा.

प्रणितानं निंबाच्या फांदीला पिशवीतल्या जुन्या साडीची झोळी बांधली, आरुषला निजवलं आणि झोका देत बसली. ओटा सारवून झाला. बाबा हात धुऊन तिच्याजवळ सावलीत येऊन टेकले.

आता अंगारा देतील, मग देतील... बाबा ओट्याकडेच बघत होते.

तिला राहवलं नाही. उठून गेली आणि वाळलं का म्हणून कडेला बोट टेकवलं. पापुद्रा बोटाबरोबर वर आला.

बाबा उठले, तेवढी जागा पुन्हा सारवली, येऊन बसले.

थोड्या वेळानं ती परत गेली. या वेळी नुसतं बघायलाच. पण वाकली आणि तळवा टेकलाच. पाची बोटं उमटली.

बाबा पुन्हा उठले. रागावले नाहीत. सारवून झाल्यावर मात्र कुंपणाची बोराटीची फांदी ओढत आणली आणि ओट्यापुढं आडवी टाकली.

"काटे कशाला बाबा? मी काय शेळी आहे?"

"शेळीला हाकलता येतं बेटी."

ती ओशाळून हसली. मग हसू गेलं. बराच वेळ ती त्या पाच बोटांच्या जागेकडे बघत राहिली. वर नवं सारवण होतं, तरी तिला ती बोटं दिसत होती.

तिच्या मनातलं एक तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना नाही, नवऱ्यालाही नाही. ते आता आपसूक बाहेर आलं.

"बाबा, मी हात पुढं केला की तो अंग चोरतो. दुसऱ्या कुणाजवळ नाही... माझ्याजवळ."

वारा आला, निंबाची पानं झोळीवर पडली.

आरुष चुळबुळला. मूठ गालाकडे गेली. प्रणिताचा पदर सवयीनं पुढं झाला, गाल पुसायला. अर्ध्यावर थांबला. तिनं नुसती त्याची मूठ आपल्या मुठीत धरली.

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. हात मागं घेतला नाही.

तिनं पिशवी चाचपली. तळाला मलमाची ट्यूब होती, जेमतेम चेपलेली.

अंगारा तिनं परत मागितला नाही. उन्हं ओट्यावर आली होती. कडेचा रंग जरासा फिकट झाला होता, मधला अजून गडद होता. पोराला हळूच उचलून ती निघाली आणि पायवाटेशी थबकली.

"बाबा, हा लवकर बरा होईल ना? किती दिवसांनी बघू?"

बाबा बोराटीची फांदी नीट लावत होते.

"गुरुवार आहे, खाली वाटेत बायका येत असतील," ते म्हणाले. "भेटेल तिला सांगत जा बेटी... हात लावू नका, ओटा अजून ओला आहे."