आखडलेली मान

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गुडघे शेकायला गेलो, तर तिथल्या पोरीनं ‘आजोबा, आमच्या दवाखान्याच्या अंकासाठी काहीतरी द्याच’ म्हणून लकडा लावला. घ्या आता.

एकदा एक वृद्ध उपचारक होते. अवघडलेले सांधे सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. फिजिओथेरपी शिकलेले दोन शिष्य त्यांच्यापाशी काम करत. दोघांनी परदेशी जाण्याची परीक्षा दिली. एकाला कॅनडातून बोलावणं आलं. दुसरा राहिला. राहिलेल्यानं मित्राला मिठी मारली, त्याच्या नावानं पेढे वाटले, आणि आतून जळत राहिला. रुग्ण याचा हात मागत, विमान मात्र त्याला मिळालं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग उचलताना मित्राची मान आखडली. तो या शिष्यापुढे येऊन बसला.

“सोडव बाबा. नाहीतर तिकडचे म्हणतील, माना सरळ करणारा स्वतःच वाकडा आलाय.”

शिष्य हसला आणि मान वळवू लागला. जरा जोरातच. मित्र कळवळला, मान आणखी ताठरली. राहू दे अशीच, असं शिष्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यालाच भीती वाटली.

वृद्ध हे पाहत होते. “सोड त्याला. इकडे ये,” म्हणाले, आणि आपला तळवा शिष्यासमोर धरला. “ढकल.”

काही न कळून शिष्यानं तळव्याला तळवा लावला.

“कुरवाळतोस काय? ढकल. आणि मनात आहे ते बोल.”

“सर, तो इथंच बसलाय.”

“म्हणूनच.”

शिष्यानं दात आवळून जोर लावला. “खांदा कसा धरायचा ते याला मी शिकवलं. आणि जातोय हा. मला बघवत नाही, सर. पेढे वाटतानाही बघवत नव्हतं.”

“आता सोड.”

हात खाली आला. खांदेही सैलावले. शिष्याला कितीतरी दिवसांनी पुरा श्वास घेता आला.

वृद्ध म्हणाले, “आखडलेला स्नायू नुसता ओढला तर अधिकच आखडतो. म्हणून आपण रुग्णाला आधी आपल्या हातावर जोर लावू देतो. जोर लावून झाला की स्नायू आपणहून सैल पडतो. मत्सराचंही तेच आहे. तू मत्सराला गोड बोलून ओढत होतास. त्याला टेकायला एक हात हवा होता.”

मित्र वाकड्या मानेनंच म्हणाला, “मला वाटलंच. पेढा देताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतास.”

शिष्यानं त्याच्या गालाला तळवा लावला. “माझ्या हातावर दाब. बेतानं, पण खरा. हं, आता सोड.” मान थोडी वळली. पुन्हा तसंच केलं, आणखी वळली. शेवटी मित्राचे डोळे थेट शिष्याच्या डोळ्यांसमोर आले.

“उद्या निघताना मागे वळून बघता येईल,” मित्र म्हणाला.

“बघ. जळतच उभा असेन,” शिष्य म्हणाला, “पण असेन.”

ज्याला दुसऱ्याचं बघवत नाही, त्यानं ते तोंडावर सांगावं. माझी नात परदेशी नोकरीला गेली तेव्हा जो माझ्या पाठीमागे नाही नाही ते बोलला आणि अजून माफी मागायला आलेला नाही, त्यानं तर हे दोनदा वाचावं. आपला, दगडू खैरमोडे.