राजवाड्याच्या दाराचा भोवरा

त्या बेटांवर भुतं फार होती आणि दारांना कड्या नव्हत्या.

भुतं समुद्राकडून येत. रांगेने येत, शिस्तीत येत, पायांचा आवाज करत नसत. घरात शिरत, चुलीपुढची जागा धरत आणि मग उठत नसत. खात थोडं, पण जेवणाची चव घालवत. बोलत मोजकं, पण घरच्यांची तोंडं बंद करत. ह्यावर बेटांवर एकच उपाय होता, आणि तो कापडाचा होता.

रानकेळीच्या सोपातून, म्हणजे खोडाच्या सालीतून, वाख काढायचा. एकेक धागा सोडवायचा, टोकाला टोक गाठायचं. अर्धा वाख पाल्यात उकळून काळा करायचा, अर्धा तसाच ठेवायचा. मग काळे-पांढरे चौकोन विणायचे, मध्ये बारीक, कडेला मोठे. रेघ प्रत्येक सरळ. पण लांबून बघितलं तर सगळं गरगर फिरतंय असं वाटे. ह्या कापडाला भोवरा म्हणत. तो दारावर टांगला की भूत उंबऱ्याशी येई, वर बघे, त्याला घेरी येई आणि ते ओकत ओकत समुद्राची वाट धरी. जिवंताला काही होत नसे. शेळ्या त्याखाली रवंथ करत आणि पोरंसोरं त्याला लोंबकळून मार खात.

सगळ्यात चांगला भोवरा सिनाय विणी. सिनाय म्हणजे म्हातारी माकडीण. तिचा माग म्हणजे चार काठ्या आणि एक पट्टा. ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं तिच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. माग कुठे संपतो आणि माकडीण कुठे सुरू होते, हे तिलाही सांगता आलं नसतं. शेपटीसुद्धा मोकळी नव्हती; ती गाठी धरून बसे. एक धागा चुकला तर सिनाय हातभर कापड उसवी. तिच्या हातचा भोवरा आजवर कुणाच्या दारावरून परत आला नव्हता. ह्याचा तिला गर्व होता. तो तिने कधी लपवला नाही.

राजा तुरेवाला सरडा होता. तरुणपणी म्हणे तो सात रंग बदलत असे. आता कित्येक वर्षं तो एकाच राखाडी रंगावर होता, आणि दरबारी त्याला स्थिर बुद्धी म्हणत. ह्या दरबाऱ्यांचा पोशाख ठरलेला होता: अननसाच्या वाखाचा झिरझिरीत सदरा, बाहेर सोडलेला. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे प्रजेला दिसावं म्हणून. आणि खरोखरच, दिवाण उन्हात उभा राहिला की सदऱ्यातून पलीकडची भिंत दिसे.

राजाने नवा दरबार बांधला. दार एवढं मोठं की दोन रेडे शेजारी शेजारी जावेत. एवढ्या दाराला भोवरा नाही म्हटल्यावर प्रजा कुजबुजू लागली. तेव्हा दिवाण स्वतः पालखीतून सिनायच्या अंगणात आला. दिवाण बगळा होता. तो मागाकडे पाठ करून उभा राहिला. सिनायला वाटलं, ही मोठ्यांची ऐट.

"म्हातारे, महाराजांनी तुझी आठवण काढली आहे."

"आठवण मेलेल्यांची काढतात. मी इथे बसले आहे."

पालखीचा भोई रेडा होता. कालाब त्याचं नाव. तो नाकातून हसला. दिवाणाने त्याच्याकडे बघितलं, मग कालाब शिंकल्यासारखं करू लागला.

"राजवाड्याच्या दाराला भोवरा हवा. किती दिवस?"

"केळ कापण्यापासून धरलं तर अकरा महिने."

"महाराजांना पुढच्या पौर्णिमेला हवा."

"मग महाराजांना म्हणावं, या, कमरेला पट्टा बांधा. दोघं मिळून लवकर उरकू."

अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत सिनायने अंगणाबाहेर पाय टाकला नाही. ताण्यावरून कुणाला ओलांडू दिलं नाही. एकदा शेजारची शेळी ओलांडून गेली, तर तिला चार दिवस शिव्या पुरल्या. कापड उतरल्यावर सिनायने ते कवडीने घोटून घोटून असं चमकवलं की पाण्यावर ऊन पडावं. पट्टा सोडून उठली तेव्हा तिची पाठ सरळ होईना. तिने ती तशीच वाकडी राजवाड्यापर्यंत नेली.

भोवरा टांगला तो कालाबने आणि तुलीने. तुली ही राजवाड्यातली झाडणारी कोंबडी. तिने शिडीवर उभं राहून चहूबाजूंनी कापड बघितलं आणि म्हणाली, "आत्या, हे बघून मला अंडं घालावंसं वाटतंय." सिनायच्या मते आजवर तिच्या कापडाची एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

मग ढोल वाजले. राजा आला, मागे दिवाण, त्यामागे सदरेवाले सगळे. राजा उंबऱ्याशी थांबला. त्याने मान वर केली.

आधी त्याचा तुरा लटपटला. मग पुढचे पाय. मग महाराज जिथे होते तिथेच पसरले. दिवाण सावरायला पुढे झाला, त्याची नजर वर गेली, आणि तो एका पायावर दोन गिरक्या घेऊन कारंज्यात पडला. न्यायाधीश सांबर खांबाला मिठी मारून ओकू लागलं. कोतवाल, खजिनदार, राजपुरोहित, एकामागून एक, शेंगा फुटाव्यात तसे आडवे झाले. ढोल वाजवणारा बोका मात्र तसाच वाजवत राहिला. त्याला वाटलं, हा समारंभाचाच भाग. तुली बादली आणि झाडू घेऊन भोवऱ्याखालून तीनदा आत-बाहेर गेली. साफ करण्यासारखं बरंच झालं होतं.

प्रजा बघत होती.

संध्याकाळच्या आत निवाडा झाला: कापडात खोट आहे. मोठ्यांची नजर बारीक असते, ती खोट मोठ्यांनाच कळली. रेडे, कोंबड्या, बोके ह्यांना ती कळण्याचा प्रश्न नाही.

राजाबद्दल सिनायच्या मनात काही आलंच नाही. राजा तो राजा. तिला दिसत होते ते फक्त तिचे धागे. अकरा महिन्यांत एखादा धागा चुकला असेल. पाठ दुखत होती ते दिवस होते. डोळ्यांना पाणी येत होतं ते दिवस होते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ती भोवरा मोजायला बसली. कालाब सरळ वेळू धरून उभा, सिनाय नाक कापडाला लावून एकेक रेघ वेळूशी पडताळत होती. दुपारपर्यंत निम्मं झालं. चूक नव्हती. उन्हं उतरेपर्यंत सगळं झालं. चूक नव्हती.

"म्हणजे मला दिसत नाही," सिनाय म्हणाली. "म्हातारी झाले."

तुली झाडूवर हनुवटी टेकून उभी होती. "आत्या, तुला घेरी आली?"

"नाही."

"मला आली?"

"तू खाली बघून चालतेस. तुला कशी येईल?"

"कालाबदादाला?"

"तो रेडा आहे."

"बरं. मग ज्यांना आली त्यांचीच नावं घेऊ का एकदा?"

"तुले, तोंड आवर," सिनाय म्हणाली. कालाबने वेळू खाली ठेवला आणि दुसरीकडे बघू लागला.

तेवढ्यात दिवाणाचा निरोप आला. उद्या चौकात, सगळ्यांसमोर, सिनायने एवढंच म्हणायचं: माझा भोवरा चुकला, आणि ह्याच मोजणीने बेटांवर विणलेले सगळे भोवरे चुकले. मग घरोघरचे भोवरे उतरवले जातील. सिनायला राजवाड्यात जागा मिळेल, सदरा मिळेल, पाठ टेकायला कोंबडीची पिसं मिळतील. नाही म्हणाली तर राजवाड्याचा भोवरा तिच्यासमोर कापला जाईल, आणि माग पट्ट्यासकट जाळला जाईल.

"माझी पिसं?" तुली म्हणाली.

सिनाय घरी जाऊन पट्टा मांडीवर घेऊन बसली. तो तिच्या आईच्या आईचा होता, सालीचा, कमरेच्या आकारात वळलेला. तिघींच्या कमरा त्यात बसल्या होत्या. तो जळाला तर नवा करता येईल. पण त्यात बसायला ती कमर येणार कुठून? आणि एक शब्द बोलायचा आहे फक्त. चुकलं. मोठमोठे तसं म्हणतात. चुकलं असेलही.

चौकात सगळी बेटं लोटली होती. मधोमध बांबूच्या चौकटीवर भोवरा ताणलेला, शेजारी सिनायचा माग. दरबारी आले ते डोळ्यांना पट्ट्या बांधून, एकमेकांचे सदरे धरून. सदोष कापडाकडे बघणं दरबाराला शोभत नाही, असं दिवाणाने जाहीर केलं. राजाच्याही डोळ्यांवर पट्टी होती, जरीची.

"बोल," दिवाण म्हणाला. त्याने तोंड सिनायकडे न करता एका केळीकडे केलं होतं.

सिनाय पुढे आली. तो शब्द तिच्या तोंडात तयार होता. तिने एकदा कापडाकडे बघितलं. एक बोट कडेवरून फिरवलं. मग म्हणाली, "चूक दाखवा."

"काय?"

"बोट ठेवा. जिथे ठेवाल तिथे आत्ता उसवते, आणि लगेच म्हणते की चुकलं. पण बोट ठेवा. अंदाजाने मी कधी उसवलं नाही."

दरबारी एकमेकांच्या कानाशी लागले. शेवटी दिवाणाने मान ताठ केली, पंख उचलला, आणि ठामपणे रोखला. "ही. ही चूक."

"ती माझी बादली आहे, दिवाणजी," तुली म्हणाली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. राजाने पंजा आपटला.

"कापा ते."

कुणी पुढे आलं नाही. विणलेला भोवरा कापला तर कापणाऱ्याचे हात वाळतात, असं बेटांवर मानत. कालाबने खूर दाखवले, ह्यांत कोयता मावत नाही म्हणाला. बोक्याला ढोल सोडवेना. तुली म्हणाली, "मला झाडायला ठेवलंय. कापायचे पैसे वेगळे."

"मी कापतो," दिवाण म्हणाला. "कोयता द्या."

"माझ्यासमोर," राजा म्हणाला. "मला आवाज ऐकायचा आहे." त्याला चौकटीजवळ आणून बसवलं. तो ऐसपैस बसला. त्याची लांब राखाडी शेपटी मागून वळून, चौकटीच्या पायाशी, कापडाच्या कडेला येऊन पडली.

दिवाण वाकला. चाचपडत पुढे सरकला. चौकट लागली, ती सोडली. दोर लागला, तो सोडला. मग पंखाखाली काहीतरी लांब, सपाट, खरखरीत लागलं.

"सापडली कड," दिवाण म्हणाला.

सिनायने बघितलं. सगळ्या चौकाने बघितलं. सगळा चौक तोंडं मिटून उभा राहिला. सिनायला ते जमलं नाही. चुकीच्या जागी हत्यार पडताना तिला गप्प बसता येत नसे, मग हत्यार कुणाचंही असो.

"दिवाणजी, ते कापड नाही."

"आता घाबरलीस!" दिवाण म्हणाला, आणि त्याने कोयता मारला.

वार चांगला बसला. शेपटी वीतभर उडून बाजूला पडली. सिनायने डोळे घट्ट मिटले आणि किंकाळीची वाट बघितली. किंकाळी आली नाही. तिने डोळे उघडले.

रक्त नव्हतं. राजाच्या तुटलेल्या शेपटीतून भुसा गळत होता. कोरडा, राखाडी, जुना भुसा, पोत्याच्या भोकातून गळावा तसा, एका धारेने. कालाबने पुढे होऊन तो हुंगला आणि मान बाजूला केली, खाण्याजोगा नव्हता.

"आवाज आला," राजा म्हणाला. "कापलं?"

"कापलं, महाराज."

"छान. आता म्हातारीचा माग पेटवा."

कुणी हललं नाही. भुशाचा ढीग घोट्याएवढा झाला. तुली झाडू घेऊन पुढे आली, थोडा वेळ बघत राहिली, आणि झाडू खाली ठेवला. धार संपल्याशिवाय झाडून उपयोग नव्हता. सिनाय मागाशी गेली. तिने पट्टा उचलला, झटकला आणि कमरेला बांधला.

"पेटवला का?" राजाने विचारलं. ह्या वेळी त्याचा आवाज जरा खालून आला.