तेरदाळकरबाईंची तबकडी

"…मग सुईच चुकली म्हणायची का, चाचा?"

एवढं एकच विचारायला सदानंद गुळवणी पुण्याहून मिरजेला आला होता. पण त्या एका प्रश्नापायी त्यानं आणलेला पसारा पाहण्यासारखा होता. मागच्या सीटवर दुलईत गुंडाळलेलं टर्नटेबल, डिकीत ॲम्प्लिफायर, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेले दोन स्पीकर. मांडीवर एक तबकडी. वाटेत चहाला थांबला तेव्हाही ती त्यानं खाली ठेवली नव्हती.

बाबालाल मुजावर खालमानेनं तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत होते. वय अठ्ठ्याऐंशी. दुकानाच्या आढ्याला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, हवेत लाखेचा वास. पन्नास वर्षांपूर्वी होतं तसंच सगळं.

"का? बिघडलं काय?"

"तंबोरा ऐकू येत नाही."

"कुठला?"

"तेरदाळकरबाईंच्या रेकॉर्डमधला." सदानंदनं हातातली तबकडी छातीशी धरली. "…कुमुदचा."

कानस थांबली.

कुमुद म्हणजे सदानंदची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

सदानंद मूळचा मिरजेचाच. कॉलेजात असताना तो रोज संध्याकाळी या दुकानात येऊन बसायचा. तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवला की मुकी तार एकदम झणकारायला लागते, त्या झणकाराला जवारी म्हणतात, हे त्याला चाचांनी शिकवलं. नुसतं शिकवलं नाही, ऐकायला लावलं. महिना-दीड महिन्यात पोरगा डोळे मिटून सांगायला लागला, धागा कधी बसला आणि कधी हुकला.

तेव्हा चाचा म्हणाले होते, "सदा, तुझा कान चांगला हाय. वापर."

त्यातलं 'कान चांगला हाय' तेवढं त्यानं लक्षात ठेवलं.

पुढं नोकरी लागली आणि रेकॉर्ड जमवायचा नाद लागला. नाद कसला, भूतच ते. चार कपाटं भरली. पहिल्या छपाईची तबकडी कुठली आणि नंतरची कुठली, हे तो मधल्या कागदाच्या रंगावरून सांगायचा. लोक लांबून त्याला विचारायला यायचे, आणि आलेल्याला तो चहाआधी हात धुवायला लावायचा. एक जाडजूड वही होती. तिच्यात रकाने: गायक, राग, तबला, पेटी, आणि शेवटी दर्जा. दर्जाचे शब्द तीनच, उत्तम, बरा आणि टाकाऊ.

तंबोऱ्याला रकाना नव्हता. तंबोरा धरणाऱ्याचं नाव पाकिटावर कोणी छापत नाही, मग ते वहीत कुठून येणार?

कुमुदही मिरजेचीच, गायिका तेरदाळकरबाईंची शिष्या. एकवीस वर्षांची असताना बाईंच्या मागं बसून तिनं एका ध्वनिमुद्रणात तंबोरा धरला होता. तंबोरा बाबालालचाचांच्या हातचा. बाई फार रेकॉर्ड करणाऱ्या नव्हत्या. ही एकच निघाली, आणि पुन्हा कधी छापली गेली नाही. बाईंनी तिची एक प्रत कुमुदला दिली, एक चाचांना.

कुमुद ती प्रत सासरी घेऊन आली आणि दुपारी स्वयंपाकघर आवरलं की साध्या प्लेअरवर लावून बसायची. भीमपलास. सदानंद घरी असला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. तबकडीवर ओरखडे होते, खरखर यायची. चांगल्या गाण्यातली खरखर त्याला भातातल्या खड्यासारखी लागायची.

म्हणून लग्नानंतर नवव्या वर्षी त्यानं एक मोठं काम केलं. मोठं त्याच्या मते. ओळखीच्या एका संग्राहकाकडं त्याच रेकॉर्डची कोरी, वेष्टन न फोडलेली प्रत होती. सदानंदनं कुमुदची प्रत आणि वर आपल्या दोन चांगल्या तबकड्या देऊन ती मिळवली. घरी आल्यावर तिच्या हातात ठेवली.

"बघ. एकही ओरखडा नाही."

कुमुदनं ती उलटसुलट करून पाहिली. "लावूया?"

"आत्ता? या प्लेअरवर? वेडी का काय तू."

आधी चांगली सुई येऊ दे, म्हणाला. सुई आली तेव्हा ॲम्प्लिफायर हलका वाटला. ॲम्प्लिफायर आला तेव्हा स्पीकर. मग खोली. भिंतींना कापूस आणि कापड लावल्याशिवाय आवाज गोल बसत नाही, म्हणे. कुमुदनं तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्याचं उत्तर एकच, "थांब गं. एकदाच ऐकायची, पण नीट ऐकायची."

पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं. तिला पटलं असं तो समजला.

खोली पुरी झाली ती गेल्या महिन्यात. कुमुदच्या तिथीला त्यानं आंघोळ केली, तिच्या फोटोला हार घातला आणि वेष्टन फोडलं.

बाई समोर येऊन बसल्यासारखं वाटलं. डग्गा छातीत घुमला, पेटीचा सूर जागच्या जागी. फक्त मागं तंबोरा नव्हता. ज्याच्यासाठी एवढा जन्म थांबला, तेवढंच नव्हतं. त्यानं तीन सुया बदलल्या. एक थेट जपानहून मागवली. तंबोरा आला नाही.

"ती यात आहे, चाचा," सदानंद म्हणाला. "तिचा दुसरा आवाज माझ्याकडं नाही. कुठं टेप नाही, काही नाही. एवढंच आहे, आणि ते माझ्या यंत्राला पकडता येत नाही."

चाचांनी कानस बाजूला ठेवली.

"लाव बघू."

अर्धा तास जोडणीत गेला. टर्नटेबल समपातळीत बसावं म्हणून सदानंदनं त्याच्या पायाखाली कागदाच्या घड्या सारल्या. चाचा बघत राहिले. एकदा फक्त म्हणाले, "आमच्या तंबोरा जुळवण्यापरीस तुझी जोडणी कठीण हाय."

सुई टेकली. बाईंनी सा लावला.

चाचांचे डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, एकेक तार छेडावी तशी. चार तारा, मग पुन्हा पहिली.

सदानंदचं सगळं लक्ष त्या बोटांवर होतं.

तेवढ्यात चाचांची सून रेहाना चहा घेऊन बाहेर आली. चाचांचं वय झाल्यापासून दुकान तिनंच धरलं होतं. तंबोऱ्यांना तारा चढवणं, धागा बसवणं, सगळं तिच्याच हाती. कप ठेवता ठेवता ती थबकली.

"आपलाच तंबोरा वाटतोय, अब्बा. पंचम जरासा चढलाय, नाही?"

सदानंदनं मान वर केली.

"तुला… ऐकू येतोय?"

"म्हणजे काय, काका? सारखा वाजतोय की मागं." ती हसली. "फार छान धरलाय. कुणी धरलाय?"

रेहाना ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

सदानंद उठला आणि स्पीकरपाशी गुडघ्यावर बसला. कान जाळीला लावला. मग दुसरा. बाई होत्या, तबला होता. बाईंच्या मागं काहीच नव्हतं.

"चाचा… तुम्हाला येतोय ना ऐकू?"

"मला कुठला? माझ्या कानाची जवारी जाऊन सात वर्षं झाली. बोलणं तेवढं कळतं. म्हणून तर धागा ही बसवती."

"पण तुमची बोटं…"

"त्यांस्नी पाठ हाय."

सदानंद तिथंच भुशात बसला. चाळीस वर्षं त्यानं सगळं बदलून पाहिलं होतं. सुया, तारा, खोके, भिंतीसुद्धा. कान तेवढा कधी बदलायचा नव्हता, तो चांगलाच होता ना! आणि यंत्र येईपर्यंत तो कुणाला न सांगता निघून गेला होता.

तबकडीची एक बाजू संपली. सुईची दांडी आपोआप उचलली गेली. यंत्र खरंच उत्तम होतं.

"मी आंधळ्यासारखा वागलो, चाचा." सदानंद म्हणाला. "माझं जाऊ द्या. माझी लायकीच ती. पण तिला ऐकायची होती. घरात होती रेकॉर्ड, हाताच्या अंतरावर, आणि मी तिला हात लावू दिला नाही. न ऐकताच गेली ती. हे माझ्यानं सोसत नाही."

चाचांनी मांडीवरचा भुसा झटकला.

"न ऐकता गेली म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"…म्हणजे?"

"उरुसाच्या गाण्याला दर साली माहेरी यायची का न्हाई?"

यायची. दर्ग्याच्या उरुसात रात्रंदिवस गाणं चालतं, ते ऐकायला जाते म्हणायची. सदानंद कधी तिच्याबरोबर आला नाही. उघड्यावरचं गाणं, त्यात लाऊडस्पीकरची बोंब, कोण जाणार?

"दुपारच्याला, रेहाना आत घरात असायची तवा, हितं यायची," चाचा म्हणाले. "तू बसलायस तिथंच बसायची. बाईंनी मला दिलेली व्हती की एक. ती लावायची. एक डाव, दोन डाव, कवा कवा चार डाव. पंचवीस-तीस वर्सं."

बसल्या जागेवरचा भुसा सदानंदनं हातानं चाचपला.

"मी म्हणायचो, पोरी, झिजंल ती. तर म्हणायची, झिजू द्या, चाचा."

"…मला कधी बोलली नाही."

"मलाबी बोलू दिलं न्हाई. म्हणली, असल्या प्लेअरवर लावती म्हटल्यावर ते रागावतील."

रेहानानं पदर डोळ्याला लावला. चाचा भिंतीला हात टेकत उठले, कोपऱ्यातल्या पेटीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तबकडी काढली आणि सदानंदच्या मांडीवर ठेवली.

त्यानं कागद उलगडला. सवयच ती, तबकडी दोन्ही तळव्यांत कडेनं धरली आणि उजेडाकडं तिरपी केली. काळा रंग जाऊन राखाडी झाली होती. खाचा बोथट. एका जागी सुई घसरल्याचा लांब ओरखडा. मधल्या कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग.

"वहीत काय लिवशील हिला?" चाचांनी विचारलं.

शब्द त्याच्या ओठांवर आला होता. आयुष्यभर आलेला, इथंही आला. त्यानं तो गिळला आणि त्याला रडू कोसळलं. बहात्तर वर्षांचा माणूस, भुशात बसून रडला. चाचांनी रडू दिलं.

मग तो उठला. टर्नटेबलवरची आपली कोरी तबकडी त्यानं काढली आणि पाकीट न शोधता, तशीच उघडी, भुशानं भरलेल्या पाटावर ठेवली. तिच्या जागी राखाडी तबकडी बसवली. झिजलेल्या खाचांत चांगली सुई खराब होते, हे त्यानं आजवर शंभर जणांना सांगितलं होतं. जपानची सुई त्यानं हलकेच खाली सोडली.

खरखर सुरू झाली. तव्यावर मीठ तडतडावं तशी. तिच्या आड कुठंतरी बाई गात होत्या, ओळखू न येण्याइतक्या लांब.

"रेहाना," सदानंदनं विचारलं. "यात तंबोरा आहे का गं?"

तिनं कान देऊन ऐकलं. खूप वेळ ऐकलं.

"नाही, काका," ती हळूच म्हणाली. "नुसती खरखर आहे."

सदानंदनं चाचांकडं पाहिलं.

"खरखर तुला ऐकू येती का?" चाचांनी विचारलं.

"येते, चाचा. स्वच्छ येते."

चाचांनी घोडी पुन्हा मांडीवर घेतली, कानस उचलली.

"ती कुमुदची हाय. बस, ऐक."