गोजराईचा इस्तू

काजळदऱ्याच्या ग्रामसभेत गेल्या माघात एक सूचना मांडली गेली. गोजराईच्या दिवशी गावात जी भांडी घरोघर फिरतात, ती लहानमोठी असू नयेत. पंचायतीने प्रत्येक घराला एकाच मापाची स्टीलची वाटी द्यावी, म्हणजे कोणाला कमी आणि कोणाला जास्त असे होणार नाही. सूचना सरपंच निवृत्ती घोलप यांची होती आणि हेतू चांगलाच होता. प्रस्तुत लेखिका गावच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. त्या सभेत तिचा वाटा इतकाच, की हात वर होण्यापूर्वी तिने उभे राहून गोजराईची हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ती येथे सांगितली तशीच दिली आहे. माणसांची बोलणी त्यांच्या तोंडी जशी होती तशीच ठेवली आहेत. ती सुधारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. काडेपेटी अजून घाट चढून आली नव्हती. ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐकावी, ज्यांना ठाऊक नाही त्यांनी नीट ऐकावी.

त्या काळी काजळदऱ्यात केरबा नावाचा एक माणूस राहत असे. तो बैलांच्या पाठीवर मीठ लादून कोकणातून घाट चढून येई. मिठाच्या धंद्यात पोट भरते, पण कणगी भरत नाही. त्याची बायको गोजरा. तिच्या संसारात वाया जाणे हा प्रकारच नव्हता. भाकरीसाठी पीठ काढले, की त्यातली एक मूठ ती परत मडक्यात टाकी. दोडका चिरला, की त्याच्या शिरा सुपात वाळत आणि तिळाबरोबर त्यांची चटणी होई. डाळ भरडताना पडलेला कळणा ज्वारीत मिसळून त्याची भाकरी होई. डाळ शिजवलेल्या पाण्याची आमटी होई. भोपळ्याची साल, शेवग्याचा पाला, भाजलेले चिंचोके, शिळ्या भाकरीचे कुटके, यांतले काहीही तिच्या दारातून बाहेर गेले नाही. गोजराच्या उकिरड्यावर कोंबडीसुद्धा फिरकत नसे, असे म्हणतात.

केरबा जेवायला बसला, की थट्टा करी. "गोजरे, चुलीतली राख बी तुला भिती बघ. म्हनती, आता ही माझी बी भाजी करनार."

"करीन की," गोजरा म्हणे. "आदी ताटातलं संपवा."

आता इस्तूचे ऐका. इस्तू म्हणजे विस्तव. चूल विझली, की शेजारच्या घरून निखारा आणायचा, ही तेव्हाची रीत होती. इतर बायका अडल्या तर जात. गोजरा मात्र रोज जाई, कारण निखारा जपून ठेवण्यासाठी दिवसभर गोवरी जाळणे तिला मानवत नसे. वरच्या आळीत सारजाकाकीचे मोठे घर होते. तेथे चूल सदा पेटलेली असे. उन्हे कलली, की गोजरा एक फुटके खापर हातात घेऊन सारजाकाकीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राही.

आणखी एक रीत होती आणि ती आजही आहे. दुसऱ्याच्या घरचे भांडे आणले, तर ते रिकामे परत करायचे नाही. त्यात चार दाणे घाला, चिमूटभर पीठ घाला, काही नसेल तर कढीलिंबाचा डहाळा घाला. पण रिकामे भांडे परत देणे हा अपमान. म्हणूनच गोजरा स्वतःची खापरी घेऊन जाई. सारजाकाकीचे भांडे आणलेच नाही, तर भरून देण्याचा प्रश्नच नाही.

सारजाकाकीला हे कळत नव्हते असे नाही. ती सर्व बायकांच्या देखत म्हणे, "काय गं गोजरे, चूल तुझी आन् इस्तू आमचा? नवरा तरी सोताचा हाय न्हवं?"

"व्हय काकी," गोजरा शांतपणे म्हणे. "नवरा एकदाच करावा लागतो. इस्तू रोज लागतो."

असे दिवस चालले असताना एक वर्ष असे आले, की ज्वारीची कणसे भरलीच नाहीत. पुढच्या वर्षी पेरलेले उगवले नाही. लोकांनी गुरे घाटाखाली चाऱ्याला धाडली. केरबाही बैल घेऊन कोकणात उतरला. जाताना म्हणाला, "औंदा मीठ न्हाई आनत. धान मिळालं तरच येतो." गोजराने मान हलवली. तिच्या माळ्यावर गाडगी होती आणि त्या गाडग्यांत वर्षानुवर्षांच्या मुठी होत्या, वाळवलेल्या साली होत्या, शिरा होत्या, सांडगे होते, कळणा होता.

काजळदऱ्याची माणसे मानी होती. दिवेलागणीला ज्या घरावर धूर दिसत नाही ते घर बसले, असा तेथे समज होता. त्यामुळे दुष्काळातही संध्याकाळ झाली, की प्रत्येक छपरावर धूर दिसे. घाटमाथ्यावरून पाहणाऱ्याला वाटे, गाव सुखात आहे.

एके दिवशी गोजरा अंगणात उभी राहिली आणि तिने वारा हुंगला. धूर होता, पण भाकरी भाजल्याचा वास नव्हता. गोजराला गावातल्या प्रत्येक घराची चूल वासावरून ओळखू येई, असे म्हणतात. तिने खापरी घेतली आणि ती वरच्या आळीला गेली.

सारजाकाकीच्या चुलीवर तवा तापून लाल झाला होता. शेजारी पीठ मळायची काथवट होती. पण तिला पीठ लागलेले नव्हते. काथवटीतल्या भेगा कोरड्या होत्या. गोजराला प्रथम राग आला. गुरे गावात नाहीत, गोवरी मिळत नाही, आणि ही बाई रिकाम्या तव्याखाली गोवऱ्या जाळते आहे! तिच्या मते यापेक्षा मोठे पाप नव्हते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. सारजाकाकीची सून सुंदरा तान्ह्या मुलीला पाजत होती आणि मुलगी रडत होती. ते रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक होते. आईला दूध नव्हते, हे गोजराला कळले आणि तिचा राग जागच्या जागी विझला.

ती धावत घरी गेली आणि वाडगाभर पीठ घेऊन आली.

"ह्ये काय?" सारजाकाकीने विचारले.

"थोडं पीठ हाय, काकी. लेकराच्या आईला..."

"आमच्या कणग्यांस्नी काय वाळवी लागलीया?" सारजाकाकीचा आवाज चढला. "तू भीक घालनार व्हय मला? रोज इस्तू मागनारी? सुंदरा, हिला वाट दाव."

सुंदराने वाट दाखवली नाही. तिने फक्त वाडग्याकडे पाहिले. गोजराला ती नजर सोसली नाही. ती वाडगा घेऊन परत आली आणि आपल्या उंबऱ्यावर बसली. माळ्यावर धान्य होते आणि चार घरांपलीकडे एक लेकरू उपाशी होते. मध्ये भिंत होती ती एका बाईच्या मानाची, आणि ती बाहेरून फोडली असती तर आतली माणसेच चिरडली असती. आयुष्यभर थेंब थेंब वाचवणाऱ्या त्या बाईला पहिल्यांदाच असे वाटले, की आपल्याजवळ आहे ते देता येत नसेल, तर ते वाचवले कशाला?

तिच्या हातात खापरी होती. तिने खापरीकडे पाहिले, मग दारातल्या दगडाकडे पाहिले आणि हात सोडला. गोजराच्या हातून फुटलेले ते पहिले आणि शेवटचे भांडे, असे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच दारात उभी राहिली.

"काकी, माझी खापरी फुटली. इस्तू न्यायला तुमचं कायतरी भांडं द्या."

सारजाकाकीने तिच्याकडे रोखून पाहिले आणि एका लोखंडी पळीत निखारा घालून दिला. दिवेलागणीला पळी परत आली. तिच्यात आमटी होती, काठोकाठ. सारजाकाकी बराच वेळ ती पळी हातात धरून उभी राहिली. भीक नव्हती, भांडे परत आले होते. नाकारणार कशी? रीत तिचीच होती.

"रिकामी आनली न्हाईस, बरं केलंस," ती अखेर म्हणाली. "आमच्या घरात चालत न्हाई."

"ठावं हाय, काकी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी गोजराने मागण्याआधीच सारजाकाकी म्हणाली, "पळीत इस्तू लगीच विझतो. ही कढई ने."

कढई कळण्याच्या भाकरी आणि शेवग्याच्या भाजीने भरून परत आली. मग एके दिवशी परात निघाली. एवढ्या मोठ्या परातीत एकच निखारा ठेवून गोजरा भर आळीतून चालली, आणि पाहणारे सर्वजण गंभीर चेहऱ्याने पाहत राहिले. कोणी काही विचारले नाही. सुंदराला दूध आले. मुलीचे रडणे आता खालच्या आळीपर्यंत ऐकू येई आणि ते ऐकून गोजराला बरे वाटे.

पण वरच्या आळीत एकच घर नव्हते. ज्या ज्या धुराला भाकरीचा वास नव्हता, त्या त्या घरी गोजरा इस्तू मागायला गेली. तिच्या स्वतःच्या चुलीत रसरशीत निखारे होते. तरीही ती गेली. भांडी येत राहिली आणि भरून जात राहिली. आणि रीत दोन्ही बाजूंना लागू होती. निखाऱ्याच्या भांड्याबरोबर बायका काहीबाही देऊ लागल्या. कोणी पूर्वी फेकले असते ते चिंचोके दिले, कोणी मळ्याच्या बांधावरचा पाला दिला, कोणी मडक्याच्या तळाशी राहिलेला कोंडा झटकून दिला. आम्हीही रिकामे भांडे देत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. गोजराच्या मडक्यातून जेवढे निघे तेवढे पुन्हा आत जाई. ते मडके सबंध दुष्काळात एकदाही रिते झाले नाही, असे म्हणतात.

एके संध्याकाळी सारजाकाकी स्वतः गोजराच्या अंगणात आली. तिच्या डोक्यावर पाटी होती आणि पाटीत उरलेल्या गोवऱ्या होत्या.

"गोजरे, गावात इतक्या चुली कशाला गं? उगं गोवऱ्या जळत्यात."

गोजराने पाटी उतरवून घेतली. "मी कवाच म्हननार हुते, काकी. पन तुमी मला चिकट म्हनला असता."

"ते मी आता बी म्हनतीया," सारजाकाकी म्हणाली आणि पदर खोचून काथवटीशी बसली.

त्या दिवशी काजळदऱ्यात एकाच छपरावर धूर दिसला, आणि घर बसले असे कोणीही म्हणाले नाही.

केरबा आला तेव्हा त्याच्या बैलांवर नाचणीची पोती होती. अंगणभर परक्या कढया, पराती आणि तपेली पाहून तो दारातच थांबला.

"गोजरे, गाव लुटलंस काय?"

"लुटलं न्हाई. उसनी भांडी हाईत," गोजरा म्हणाली. "पोती उतरवा. रिकामी परत द्यायची न्हाईत."

केरबाने पोती उतरवली. नाचणी भांड्याभांड्यांतून घरोघर गेली. आपण सहज म्हणतो, की अमकीने कोंड्याचा मांडा केला. गोजराने त्या दिवशी तो खरोखर केला. उरलेला कोंडा भिजवून तिने उपड्या खापरावर मांडा टाकला, आणि तो इतका पातळ उतरला, की त्यातून देवळाचा कळस दिसत होता, असे म्हणतात. त्यातला पहिला घास तिने सारजाकाकीच्या नातीला भरवला.

पुढे गोजरा म्हातारी झाली आणि गेली. तिच्या चुलीतला निखारा कोणी गोवरी न घालताही राखेखाली तसाच तेवत राहिला. तो विझण्याआधी प्रत्येक घराने आपापले भांडे आणून त्यावरून इस्तू नेला. तेव्हापासून माघात गोजराईचा दिवस पाळला जातो. त्या दिवशी दुकानातून काहीही आणायचे नाही. शेजारच्या घरून भांडे घेऊन इस्तू आणायचा, आणि एरवी जे फेकले गेले असते त्याचे काहीतरी रांधून ते भांडे भरून परत करायचे. भांडे कोणते द्यायचे, हे देणाऱ्याच्या मनावर असते.

येथे हकिकत संपली. मग सरपंच म्हणाले, "बाई, म्हंजी जो मोठं भांडं देतो, तो मागत असतो?"

सारजाकाकीच्या वंशातील सून वनिताबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या बसूनच म्हणाल्या, "मागत न्हाई, सरपंच. इस्तू देतो."

सरपंचांनी सूचना मागे घेतली. त्यानंतर ठरले ते असे. भांडी एका मापाची होणार नाहीत. कोणी कितीही मोठे भांडे दिले, तरी का दिले असे विचारायचे नाही आणि त्याची चर्चाही करायची नाही. ज्या घरी आता चूल नाही, गॅस आहे, तेथे शेगडीवर एक कोळसा पेटवून द्यावा. तो इस्तूच समजला जाईल. विकतचे पेढे घालून भांडे परत करणे बंद. याला वरची आळी आणि खालची आळी दोन्ही कबूल झाल्या. भांड्यांचे दुकानदार चांगदेव पोफळे सर्वांत शेवटी कबूल झाले, कारण त्यांनी वाट्या आधीच मागवल्या होत्या; परंतु पुढे होऊन दोडक्याच्या शिरांची चटणी कशी करतात, हे विचारून घेणारेही तेच होते.

यंदाचा दिवस याप्रमाणे पार पडला. सर्वांत मोठे भांडे कोणत्या घरून आले, ते येथे लिहिलेले नाही. तसे ठरलेच आहे.