शवपेटीमागे चाळीस जण

“आयरिश माणसाला पोलिसात घेणार नाही म्हणजे नाही!” पोलिसप्रमुख प्रेस्कॉट साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “ही माणसं रोज एकमेकांची डोकी फोडतात. त्यांनाच पोलीस केलं, तर त्यांना पकडणार कोण?”

“आत्ता कोण पकडतंय, साहेब?” ऊनाने विचारलं.

ऊना ही चौकीची धोबीण. आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं, माणसं पटापट मरू लागली, तेव्हा धाकट्या भावाला घेऊन ती बोटीने अमेरिकेच्या या बंदरात उतरली होती. पोलिसांचे डगले धुऊन तिचे हात सोलवटले. भाऊ डर्मट अंगाने दांडगा, पण ‘आयरिश’ म्हटलं की प्रत्येक दार बंद! म्हणून आज ती त्याला घेऊन थेट साहेबांपुढे उभी होती.

साहेबांचे कान लाल झाले. “फार बोलतेस! मग ऐक. उद्या दुपारी बंदराच्या गल्लीत तुमच्या मेयो परगण्याचे मेयोवाले आणि कॉर्क परगण्याचे कॉर्कवाले भिडणार आहेत. वीस हे, वीस ते. सगळे तुमच्याच देशाचे! चाळीसच्या चाळीस माझ्या चौकीच्या अंगणात आणा. दांडकं नाही, दोरी नाही, कुणाला बोटही लावायचं नाही. जमलं तर तुझा भाऊ पोलीस!”

“कबूल!”

बाहेर येताच डर्मट कळवळला, “ताई, वेड लागलं का तुला?”

“तू फक्त खांदा द्यायची तयारी ठेव,” ऊना म्हणाली आणि सुताराच्या दुकानाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत दगड उडू लागले, आणि एवढ्यात कोपऱ्यावरून एक शवपेटी आली. डर्मट आणि सुताराचे तिघे गडी खांदेकरी, पुढे काळी शाल घेतलेली ऊना. एक दगड पेटीवर आदळला. ठक्क! आवाज अगदी पोकळ! ऊनाने तो झाकायला असा हंबरडा फोडला, की सगळी गल्ली चिडीचूप झाली.

आयरिश लोकांची रीतच होती: वाटेत अंत्ययात्रा भेटली, की टोपी काढायची आणि चार पावलं तरी सोबत चालायचं. चाळीस टोप्या उतरल्या. चाळीस जण मागे चालू लागले.

चार पावलं झाली. एक मेयोवाला थबकला, पण त्याने पाहिलं, तर कॉर्कवाले अजून चालतच होते! “त्यांच्या आधी आपण मागे फिरायचं? छट्!” तो पुढे निघाला. कॉर्कवाल्यांनीही तेच पाहिलं, तेच म्हटलं. अशा ईर्ष्येने दोन्ही टोळ्या बंदर ओलांडून, बाजार ओलांडून, सरळ चौकीच्या अंगणात शिरल्या. फाटक बंद झालं!

साहेब धावत बाहेर आले. चाळीस दांडगट, टोप्या छातीशी धरून, माना खाली! साहेबांनीही गडबडीने टोपी काढली.

“बाई, कोण गेलं?”

ऊनाने पेटीचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं!

“अजून कोणी नाही, साहेब! तुमचे शिपाई दांडकी घेऊन गेले असते, तर ही रिकामी राहिली नसती!”

साहेब असे खदखदून हसले, की पोट धरून पायरीवरच बसले. मेयोवाले हसले, कॉर्कवाले हसले. साहेबांनी तिथल्या तिथे डर्मटला डगला चढवला. वर तीन मेयोवाले आणि तीन कॉर्कवाले निवडून पोलिसात घेतले, आणि ऊनाच्या हाती गणवेशांच्या कोठाराची किल्ली दिली. “आजपासून धुणं दुसरं कोणी धुवेल,” ते डोळे पुशीत म्हणाले, “तू फक्त हुकूम सोड!”